स्वयंपाकघरात घडलेले शील

आज लक्ष्मीबाई टिळकांचा स्मृतिदिन. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे देहावसान झाले. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या लेखिका म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो आणि त्या ग्रंथातील विनोदावर मनापासून हसतो. परंतु त्या हसण्याच्या भरात एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. माणसाचे शील कसे घडते, या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर दुसऱ्या कोणत्याही मराठी चरित्रात आम्हांस आढळलेले नाही. आजच्या दिवशी त्यांच्या वाङ्मयाची थोरवी गाण्यापेक्षा या उत्तराकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते.

ख्रिस्ती धर्मशिक्षण ही यवतमाळकरांना अपरिचित वस्तू नव्हे. १९५३ पासून १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी ही संस्था याच शहरात होती. पुढे ती पुण्यास गेली. त्या तीस वर्षांत निरनिराळ्या प्रांतांतले तरुण धर्मशास्त्राच्या अध्ययनासाठी येथे येऊन राहिले. अशा विद्यालयात शास्त्र शिकता येते, भाषा शिकता येतात, प्रवचनाची कलाही शिकता येते. परंतु क्षमा, सत्य, शेजारधर्म हे गुण अंगी बाणावेत कसे? लक्ष्मीबाईंना शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेच. त्यांची पाठशाळा म्हणजे त्यांचे घर, आणि घरातही मुख्यतः चूल व पाण्याची घागर.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले. १८५७ च्या उठावानंतर त्यांच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे विलक्षण वेड लागले. बाजारातून आलेले मीठदेखील धुतल्यावाचून घरात घ्यावयाचे नाही, हा तेथला दंडक. माणसाच्या स्पर्शाने वस्तू विटाळते ही समजूत त्या मुलीच्या मनात अक्षरओळखीच्याही आधी रुजली. १८८० मध्ये, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, नारायण वामन टिळकांशी त्यांचे लग्न झाले. टिळक कवी होते, उदार होते आणि तितकेच तापट व लहरी होते. हाती आलेला पैसा दारी आलेल्याला द्यावा आणि घरात संध्याकाळची भ्रांत पडावी, अशी त्यांची तऱ्हा. संसाराचे बिऱ्हाड आज येथे तर उद्या तेथे. काही वर्षे ते आपल्या विदर्भातही, नागपुरास होते. तेथे श्रीमंत अप्पासाहेब बुटी यांचा आश्रय त्यांना लाभला होता आणि 'ऋषी' नावाचे मासिक टिळक चालवीत होते. पुढे नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना बायबल वाचण्याचा आग्रह केला, आणि या भेटीतून त्यांच्या आयुष्याने नवे वळण घेतले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी ही घटना म्हणजे घरातल्या माणसाचा मृत्यूच होता. किंबहुना मृत्यूहून दुःसह, कारण मेलेल्याचे सुतक फिटते. लक्ष्मीबाई जिवंत नवऱ्याची बायको असून निराधार झाल्या. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आसऱ्याने पंढरपुरास राहिल्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नगर जिल्ह्यात टिळकांकडे परतल्या त्या धर्म पटला म्हणून नव्हे, तर नवरा आणि मुलगा यांची ओढ होती म्हणून. परतल्यावरही त्यांचे सोवळे अभंग राहिले. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. एकाच छपराखाली दोन धर्म नांदू लागले.

येथे टिळकांच्या एका गुणाची नोंद करणे न्यायाचे ठरेल. एरवी क्षुल्लक कारणावरून संतापणाऱ्या या माणसाने धर्माच्या बाबतीत पत्नीवर सक्ती केली नाही. तिचे पाणी तिला भरू दिले, तिचा देव तिला पुजू दिला. लक्ष्मीबाईही वादविवादाने जिंकल्या गेल्या नाहीत. शेजारीपाजारी निरनिराळ्या जातींची माणसे होती. त्यांची सुखदुःखे आणि त्यांचा चांगुलपणा त्या रोज पाहत होत्या. ज्या हातांचे पाणी आपल्याला चालत नाही, तेच हात अडीअडचणीला धावून येतात, हे दिसत होते. मनात प्रश्न उभा राहिला, तो त्यांनी प्रामाणिकपणे तडीस नेला, आणि जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे या निर्णयाला त्या स्वतःच्या बुद्धीने पोचल्या. निर्णय झाला तेव्हा तो आचरणात यावयास त्यांनी मुहूर्त शोधला नाही. कालपर्यंत निषिद्ध असलेल्या हातचे अन्नपाणी त्यांनी घेतले. मन वळले तरी जिभेला आणि पोटाला वळण लागावयास वेळ लागतो. त्या शरीराच्या बंडालाही त्यांनी भीक घातली नाही. बाप्तिस्मा यानंतरचा, १९०० सालचा. शील आधी पालटले आणि संस्कार मागून आला, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

पुढचे आयुष्य म्हणजे त्या एका निर्णयाची रोजची उजळणी होय. नगर भागात दुष्काळ पडला, पोरकी मुले दारी आली. त्यांना जेवू घालणे, न्हाऊ घालणे, त्यांच्या खोड्या सोसणे हे काम लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले. प्लेगची साथ आली तेव्हा ज्यांच्या जवळ जावयास सख्खे नातलग धजत नव्हते अशा रोग्यांची शुश्रूषा त्यांनी केली. मीठ धुऊन घेणाऱ्या बापाची ही लेक! त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले आणि अखेरपर्यंत हिंदूच राहिले. या घरात माया मिळण्यासाठी धर्म बदलण्याची अट नव्हती. धर्मांतराविषयी ज्यांच्या मनात रास्त शंका असतात, त्यांनी या गोष्टीचा अवश्य विचार करावा.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी त्याला चौसष्ट अध्यायांची जोड देऊन ते पुरे केले. शाळा न पाहिलेल्या बाईचा हा उद्योग! 'स्मृतिचित्रे' चार भागांत १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. त्यांत नवऱ्याचा संताप झाकलेला नाही आणि स्वतःचा मूर्खपणाही झाकलेला नाही. नवऱ्याची पूजा बांधण्याचा मोह त्यांना झाला नाही, तसा सूड उगवण्याचाही झाला नाही. खरे बोलावे पण त्यात विष नसावे, ही साधना सर्वांत कठीण. ज्याला आपण ख्रिस्ती क्षमा म्हणतो, तिचे मराठी घरगुती रूप आम्हांस या पानापानांतून दिसते.

हे सर्व आज सांगण्याचे कारण काय? कारण हे की, घागरीचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. हे लिहिताना आम्हांस आमचाच एक दोष कबूल केला पाहिजे. आम्ही शाळेत शिकवीत होतो तेव्हा समतेवर मुलांकडून निबंध लिहून घेत असू, उत्तम निबंधास उत्तम गुण देत असू. आणि आमच्याच घरात भांडी घासावयास येणाऱ्या बाईंचा चहाचा कप फळीच्या कोपऱ्यात निराळा ठेवलेला असे. तो तेथे कोणी ठेवला हे आम्ही कधी विचारले नाही. विचारले नाही हाच अपराध. 'स्मृतिचित्रे' दुसऱ्यांदा वाचताना तो कप आम्हांस दिसला आणि आम्ही खजील झालो. आमच्या सुशिक्षित वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा कप आजही असेल, अशी आम्हांस भीती वाटते. यात हिंदू-ख्रिस्ती असा भेद करता येणार नाही. धर्म बदलूनही जात मागोमाग आली, ही तक्रार ख्रिस्ती समाजातूनही ऐकू येतच असते.

मोठ्या प्रतिज्ञा सभेत होतात आणि सभेतच राहतात. शीलाची परीक्षा मात्र दुपारी, घरात, कोणी पाहत नसताना होते. लक्ष्मीबाईंनी जग बदलण्याची भाषा केली नाही. त्यांनी आपली पाण्याची घागर सर्वांसाठी मोकळी केली, आणि मग तो शब्द आयुष्यभर पाळला. त्यांच्या स्मृतिदिनी हारतुरे वाहण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या स्वयंपाकघरातील ती फळी एकदा पाहावी. तेथे निराळा कप असेल तर आजच तो इतर कपांत मिसळून टाकावा. याला धर्मांतराची गरज नाही, सभेची नाही, खर्चाची तर मुळीच नाही.