संगीतकार हायडन ह्याचे उमेदीचे दिवस

महोत्सवाच्या प्रसंगीं आपण देवळाच्या वेदीकडे, घंटेकडे व भिंतींकडे कृतज्ञतेनें पाहतों. त्या कृतज्ञतेचा कांहीं अंश देवळाच्या गायनमंडळासही मिळाला पाहिजे, असें आम्हांस वाटतें. ज्या मुलांच्या कंठानें पवित्र मिस्सेस शोभा येते, त्यांपैकीं कित्येकांस पुढें कलेचा ध्यास लागतो. आणि पहिल्याच ठेंचेनें तो ध्यास पुष्कळदां मरूनही जातो. म्हणून अशाच एका गायक मुलाचें चरित्र आम्हीं येथें देण्याचें योजिलें आहे.

जोसेफ हायडन ह्याचा जन्म 31 मार्च 1732 रोजीं ऑस्ट्रिया देशांत, हंगेरीच्या सीमेजवळील रोराउ नांवाच्या खेड्यांत झाला. बाप गाड्यांचीं चाकें करणारा कारागीर. आई लग्नापूर्वीं गांवच्या सरदाराच्या वाड्यांत स्वयंपाकीण होती. बापास स्वरलिपीचें एक अक्षरही कळत नसे. परंतु दिवसाचें काम आटोपलें म्हणजे तो हार्प नांवाचें तंतुवाद्य घेऊन बसे व घरचीं सर्व माणसें गात. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास ह्या मुलास हाइनबुर्ग येथील फ्रांक नांवाच्या एका नातलग शाळामास्तराच्या स्वाधीन करण्यांत आलें. तेथें त्याच्या वांट्यास अन्नापेक्षां मारच अधिक आला. तरी नाना वाद्यांची ओळख ह्याच कठोर गुरूनें करून दिली, हा उपकार हायडन जन्मभर विसरला नाहीं.

1740 सालीं व्हिएन्ना शहरांतील संत स्टीफनच्या कॅथीड्रलमध्यें गायक मुलगा म्हणून त्याची निवड झाली. पुढील सुमारें नऊ वर्षें त्यानें तेथें गाण्यांत घालविलीं. रचनाशास्त्राचे धडे मात्र संगीतप्रमुख रॉयटर ह्याजकडून त्यास जवळजवळ मिळालेच नाहींत. पुढें वयपरत्वें आवाज फुटला. त्याचें गाणें कोंबड्याच्या आरवण्यासारखें वाटतें, अशी खुद्द महाराणी मारिया तेरेसा हिनें तक्रार केल्याचें सांगतात. त्याचें मानाचें स्थान धाकटा भाऊ मिखाएल ह्यास मिळालें. अशांत एका सोबत्याच्या केसांची वेणी कापण्याची खोडी हायडननें केली. तेवढें निमित्त पुरेसें होऊन 1749 च्या सुमारास त्यास छड्या मारून घालवून देण्यांत आलें. अंगावर झिजलेला कोट, जवळ तीन जुने सदरे, आणि पैसा एकही नाहीं, अशा स्थितींत हा सतरा वर्षांचा मुलगा राजधानीच्या रस्त्यावर उभा राहिला.

ह्या समयीं त्यास हात दिला तो गरिबांनींच. श्पांगलर नांवाच्या एका गायकानें, स्वतःची बायको व तान्हें मूल ज्या लहानशा जागेंत राहत होतें, तेथेंच त्यास आसरा दिला. पुढें हायडन मारियाझेल येथील मरियामातेच्या तीर्थस्थानीं यात्रेस गेला व आपल्या कांहीं रचना तेथील संगीतप्रमुखास दाखवूं लागला. त्यानें त्यास परत लाविलें. दुसरा एखादा खालीं मान घालून निघून गेला असता. हायडन मात्र गायकांच्या जागेंत शिरला, एका गायकाच्या हातांतील कागद ओढून घेतला आणि इतकें सुरेख गायिला कीं आठवडाभर त्याचा पाहुणचार झाला, असें त्याचे चरित्रकार लिहितात. बुखहोल्ट्स नांवाच्या एका व्यापाऱ्यानें त्यास 150 गुल्डन बिनव्याजी दिले. हायडननें ते फेडले. इतकेंच नव्हे, तर पन्नास वर्षांनंतर केलेल्या मृत्युपत्रांत त्या गृहस्थाच्या नातीस 100 गुल्डन ठेवले.

त्यानें भाड्यानें घेतलेली खोली माळ्यावरची होती. तींत शेगडी नव्हती व पावसाचें पाणी आंत येई. सोबतीस किड्यांनीं पोखरलेलें एक जुनें क्लॅव्हिअर होतें. आपण राजापेक्षांही सुखी आहों, असें त्या वाद्यापुढें बसला असतां त्यास वाटे. रविवारीं सकाळीं आठ वाजतां तो रुग्णसेवक धर्मबंधूंच्या देवळांत व्हायोलिन वाजवी, दहा वाजतां एका सरदाराच्या प्रार्थनागृहांत ऑर्गन वाजवी, आणि अकरा वाजतां, ज्या कॅथीड्रलमधून त्यास हांकलून दिलें होतें, तेथेंच जाऊन गाई. पोर्पोरा ह्या इटालियन गुरूचे जोडे पुसून व शिव्या खाऊन त्यानें गायनरचनेची विद्या मिळविली. फुक्स ह्याचा रचनाशास्त्रावरील ग्रंथ त्यानें गुरूवांचून, एकेक पाठ पुनःपुन्हां गिरवून, आत्मसात केला.

तरीही अपयश सरलें नाहीं. त्याच्या पहिल्या विनोदी संगीत नाटकाचे प्रयोग, कोणाचा तरी उपहास झाल्याच्या आरोपावरून, लौकरच बंद पडले. त्याचें संगीतही आज उपलब्ध नाहीं. जिच्यावर त्याचें प्रेम जडलें होतें ती तेरेसा केलर मठांत गेली. पहिली कायमची नोकरी काउंट मोर्त्सिन ह्याच्या पदरीं मिळाली, तीही धन्याच्या आर्थिक अडचणीमुळें सुटली. अशा मनुष्यानें धीर कसा राखिला? रचना अडून बसली म्हणजे तो हातांत जपमाळ घेऊन खोलींत येरझारा घाली, कांहीं वेळ नमो मरिया म्हणे, आणि मग पुन्हां कामास बसे. येथें आम्हांस एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. माळ हातीं घेतली म्हणून त्यानें लेखणी कधीं टाकिली नाहीं. प्रार्थनेनें मनाची तडफड शांत होई. उरलेलें काम श्रमानेंच करावें लागे, हें तो जाणून होता.

1 मे 1761 रोजीं एस्टरहाझी सरदारांच्या दरबारीं त्याची नेमणूक झाली व येथून त्याचें दैव पालटलें. शंभरांहून अधिक सिंफनी, अनेक मिस्सा व 1798 सालचें सृष्टीच्या उत्पत्तीवरील थोर संगीतकाव्य हें त्याचें कार्य जगास ठाऊक आहे. आपल्या हस्तलिखितांच्या आरंभीं प्रभूचें नांव व शेवटीं देवाची स्तुती लिहिण्याचा परिपाठ त्यानें ठेविला होता. 31 मे 1809 रोजीं व्हिएन्ना येथें त्याचें देहावसान झालें.

त्याच्या अखेरच्या वर्षांतील एक प्रसंग आम्हांस फार हृद्य वाटतो. आवाज गेला, आसरा गेला, त्या कोवळ्या वयाच्या सुमारास रचिलेली एक छोटी मिस्सा 1805 च्या सुमारास पुन्हां सांपडली. कीर्तीच्या शिखरावर असलेल्या ह्या वृद्धानें ती फेंकून दिली नाहीं. तींतील तारुण्याचा आवेश पाहून त्यास आनंद झाला आणि तींत त्यानें नव्या वाद्यांची भर घातली. आपल्या धर्मग्रामांतील ज्या मुलांमुलींची चित्रें, गाणीं वा कविता आज कोणी परत लाविलीं असतील, त्यांनीं तीं फाडूं नयेत. तीं पेटींत जपून ठेवावीं आणि उद्यां सकाळीं पुन्हां कामास बसावें.