पडद्यामागचे विष्णुपंत

रत्नागिरी जिल्ह्यात आडिवरे नावाचे एक गाव आहे. नटवर्य केशवराव दाते यांचा जन्म १८८९ साली त्या गावी झाला. नाटकांत कीर्ती मिळविल्यावर केशवराव बोलपटांत आले. १९३७ साली ‘प्रभात फिल्म कंपनी’च्या ‘कुंकू’ या चित्रपटात त्यांनी एका वृद्ध वकिलाची भूमिका केली. या चित्रपटाची एक मोठी गंमत आहे. त्यात पार्श्वसंगीत नाही. घरातले घड्याळ, वाजणारी तबकडी, माणसांचा वावर, एवढेच आवाज त्यात ऐकू येतात. वृद्ध वकिलाच्या मनातील खळबळ प्रेक्षकांना घड्याळाच्या टिकटिकीतून कळते.

चित्रपट पाहून लोक केशवरावांची वाहवा करीत घरी गेले, आणि ते योग्यच होते. परंतु तो आवाज टिपून फितीवर उतरविणारे कोण, हा प्रश्न फारच थोड्यांना पडला असेल. प्रभातचा ध्वनिविभाग ज्यांनी उभा केला, त्या गृहस्थांचे नाव विष्णुपंत गोविंद दामले.

विष्णुपंतांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ रोजी कोकणातच, पण रत्नागिरीपासून बरेच उत्तरेला, पेण या गावी झाला. पेण हे गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध असलेले गाव. तरुणपणी विष्णुपंत घाट चढून कोल्हापुरास आले आणि आनंदराव व बाबूराव मेस्त्री या चुलत भावांच्या हाताखाली काम शिकू लागले. हे दोघे भाऊ नाटकांचे पडदे रंगविण्यात निष्णात होते. त्यामुळे लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणूनच ओळखीत.

त्या काळी नाटक कंपनीचे वैभव तिच्या पडद्यांवरून ठरत असे. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, नगरातील रस्ता अशी दृश्ये मोठमोठ्या कापडांवर रंगविलेली असत. विंगेत उभा असलेला माणूस दोर ओढी, आणि एका क्षणात राजवाडा जाऊन अरण्य येई. प्रेक्षक टाळ्या देत. दोर ओढणारा कोणाला दिसत नसे. विष्णुपंतांचे पहिले शिक्षण हे अशा ठिकाणी झाले. तेथेच त्यांची शेख फत्तेलाल या कागलच्या चित्रकाराशी मैत्री जडली. दोघेही मितभाषी. ही मैत्री विष्णुपंतांच्या अखेरपर्यंत टिकली. पुढे सारी कंपनी एकाला दामलेमामा आणि दुसऱ्याला साहेबमामा म्हणू लागली.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट काढला. चित्रे हलतात, चालतात, हे पाहून पेंटर बंधूंना आपणही असा चित्रपट करावा असा ध्यास लागला. पण चित्रपट काढावयाचा तर कॅमेरा हवा. तो परदेशातून येई, आणि त्याची किंमत परवडण्यासारखी नव्हती. तेव्हा कॅमेरा आपणच तयार करावा असे त्यांनी ठरविले! १९१६ साली आनंदराव अकाली वारले. अर्धवट राहिलेले स्वप्न बाबूरावांनी उराशी धरले आणि विष्णुपंत त्यांच्या जोडीला उभे राहिले.

हे काम किती अवघड होते, हे समजण्यासाठी चित्रपटाच्या कॅमेऱ्याची रचना थोडी पाहिली पाहिजे. त्यात ३५ मिलिमीटर रुंदीची लांबच लांब फीत असते. तिच्या दोन्ही कडांना लहान लहान भोके पाडलेली असतात. मूठ फिरविली की एक बारीक आकडा त्या भोकांत अडकतो, फीत नेमकी एक चौकट खाली ओढतो आणि सुटतो. क्षणभर फीत स्थिर राहते. तेवढ्यात भिंगापुढची झडप उघडते, प्रकाश आत येतो, चित्र उमटते आणि झडप मिटते. मग पुन्हा आकडा, पुन्हा ओढ, पुन्हा विश्रांती. मूकपटाच्या काळी सेकंदाला सुमारे सोळा चित्रे अशा रीतीने घेत. आकडा आणि झडप यांचा मेळ केसभर चुकला, तर पडद्यावर माणसांच्या जागी नुसते धूसर पट्टे दिसतील. हे सारे दातेरी चाकांवर चालते, आणि ती चाके अचूक कातावी लागतात. कोल्हापुरात त्या वेळी हे शिकविणारी शाळा नव्हती की पुस्तक वाचून दाखविणारा गुरू नव्हता. जोडावे, चालवून पाहावे, बिघडले की पुन्हा सोडवावे, हीच त्यांची शाळा. अखेर १९१८ साली कॅमेरा तयार झाला. कुंचला धरणाऱ्या हातांनी कानस आणि हातोडी धरून केलेला तो कॅमेरा होता.

गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाचे पाठबळ दिले आणि कोल्हापुरात ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. १९२० साली तिचा ‘सैरंध्री’ हा मूकपट पुण्यात लागला. कीचकवधाचा प्रसंग त्यात इतका हुबेहूब उतरला होता की प्रेक्षक भयचकित झाले. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक त्या वेळी हयात होते. त्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरविले. सन्मान बाबूरावांचा झाला, आणि तो त्यांचाच होता. विष्णुपंत आपल्या यंत्रांकडे परतले. रसायनांत फीत धुणे, ती वाळविणे, तुकडे जोडणे, देखावे उभारणे, हिशेब पाहणे, यांपैकी कोणतेही काम त्यांना हलके वाटत नसे. १९२८ साली त्यांनी आणि फत्तेलाल यांनी मिळून ‘महारथी कर्ण’ हा मूकपट दिग्दर्शित केला.

पुढील वर्षी मात्र कठीण निर्णयाची वेळ आली. ज्या गुरूच्या घरी आपण सारे शिकलो, ते घर सोडावे की नाही? मनाला यातना देणारा हा प्रश्न होता. शेवटी १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि कोल्हापूरचे सराफ सीतारामपंत कुलकर्णी अशा पाच जणांनी ‘प्रभात फिल्म कंपनी’ची स्थापना केली. पाच जणांचे पाच स्वभाव होते. शांतारामांना नव्या कल्पनांची घाई असे, तर दामले यांचा भर काटकसर आणि शिस्त यांवर असे. अशा मंडळींचा गाडा चालणे सोपे नव्हे, पण तो पुष्कळ वर्षे चालला.

प्रभातचे मोजके मूकपट निघतात न निघतात तोच मोठे संकट उभे राहिले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला. लोकांना बोलणारी, गाणारी चित्रे हवीहवीशी वाटू लागली. ज्यांनी आयुष्यभर मुक्या चित्रांची कला साधली होती, त्यांची विद्या एका दिवसात जुनी झाली. आता काय करावे? बोलपटाची यंत्रे महाग, ती चालविणारे जाणकार कोल्हापुरात नाहीत, आणि प्रयोग फसला तर कंपनी बुडणार. विष्णुपंत तेव्हा चाळिशीला टेकले होते. त्या वयात त्यांनी ध्वनिमुद्रणाची विद्या पहिल्या धड्यापासून शिकण्यास आरंभ केला.

ध्वनी फितीवर कसा उतरतो? नट बोलला की हवेत कंप उठतात. ध्वनिग्राहक यंत्र त्या कंपांचे विजेच्या लहरींत रूपांतर करते. त्या लहरींनुसार प्रकाशाचा एक बारीक झोत कमीजास्त होतो आणि फितीच्या कडेला एक अरुंद पट्टी उमटते. चित्रपटगृहात त्याच पट्टीतून पुन्हा प्रकाश जातो, आणि गेलेला आवाज परत येतो. सांगावयास सोपे, पण ध्वनिग्राहकाला आवडनिवड नसते. नायिकेच्या गाण्याबरोबर तो कावळ्याची कावकाव, रस्त्यावरच्या गाडीची खडखड आणि खुद्द कॅमेऱ्याची घरघरही तितक्याच निष्ठेने टिपतो. त्या काळी गाणे आधी मुद्रित करून ठेवण्याची सोय नव्हती. नटाने कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गावे, आणि वादकांनी चौकटीच्या बाहेर, कोठे तरी आडोशाला बसून साथ करावी, अशी रीत होती. एखाद्याला ठसका लागला तर सर्वांचे श्रम वाया. या साऱ्या गोंधळातून शुद्ध आवाज वेगळा काढणे हे कान लावून बसलेल्या विष्णुपंतांचे काम.

१९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट प्रदर्शित झाला. मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत तो चित्रित केला होता. म्हणजे प्रत्येक प्रसंग दोनदा करावा लागला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांचे शब्द प्रेक्षकांनी स्पष्ट ऐकले. प्रभात तरली.

१९३३ साली कंपनी पुण्यास आली. तेथे भव्य स्टुडिओ उभा राहिला. १९३४ साली ‘अमृतमंथन’ निघाला. त्याच्या मराठी आवृत्तीत केशवराव दाते यांनी राजगुरूची भूमिका केली. आडिवऱ्याचा नट आणि पेणचा यंत्रज्ञ अशा प्रकारे पुण्याच्या एका छपराखाली एकत्र आले.

मग १९३६ साली दामले-फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. शिवराम वाशीकरांनी कथा लिहिली, विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले आणि गौरी या नटीने आवलीची भूमिका अविस्मरणीय केली. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी एक नवा अभंग रचला. तो इतका साधला की पुष्कळांना तुकोबांचाच वाटला.

चित्रपटात चमत्कार आहेत. पाण्यात गेलेल्या वह्या परत येतात, एका शिवाजीमहाराजांचे अनेक शिवाजी होतात, आणि शेवटी विमान तुकोबांना घेऊन आकाशात जाते. अशा दृश्यांसाठी त्या काळी फितीचा एक भाग झाकून उरलेल्या भागावर चित्र घेत, मग फीत मागे गुंडाळून झाकलेला भाग उघडीत आणि दुसरे चित्र घेत. गणित रेसभर चुकले तरी दोन्ही चित्रे फुकट. परंतु या दिग्दर्शकांचे खरे कौशल्य चमत्कारांत आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. चूल, म्हैस, उपाशी मुले आणि संसाराला पुरी पडता पडता संतापणारी आवली यांवर त्यांनी चमत्काराइतकीच मेहनत घेतली. म्हणून ते विमानही खरे वाटते.

मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात हा चित्रपट ५७ आठवडे चालला. १९३७ साली इटलीतील व्हेनिस येथील प्रदर्शनात त्याचा गौरव झाला. ज्या प्रेक्षकांना मराठीचा एक शब्दही कळत नव्हता, त्यांच्यापर्यंत देहूचा वाणी पोहोचला. त्यानंतर ‘गोपाळकृष्ण’ आणि १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ हे चित्रपट या जोडीने केले. निर्जीव भिंत चालविण्याचा प्रसंग ज्ञानेश्वरांच्या चरित्रात सर्वांच्या परिचयाचा आहे. पडद्यावर ती चालविण्याचे काम या दोघांकडे आले.

पुढे दिवस पालटले. जुने भागीदार एकेक करून दूर झाले. १९४२ साली शांतारामही निघून गेले. प्रकृती ढासळत चालली असताना कंपनीचा भार विष्णुपंतांवर पडला. ५ जुलै १९४५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे प्रभातही फार वर्षे टिकली नाही. कंपनी बंद पडली, स्टुडिओ विकला गेला.

१९६० साली त्याच आवारात चित्रपटविद्येचे शिक्षण देणारी सरकारी संस्था सुरू झाली. देशभरातून आलेली मुले तेथे कॅमेरा उघडून त्यातील फीत कशी सरकते ते पाहू लागली, आणि आवाज टिपताना बाहेरचा कावळा ओरडला की पुन्हा पहिल्यापासून आरंभ करू लागली.