गेओर्ग ओहम : पहिले सूत्र चुकलेला शाळामास्तर

गिझरला किती जाड वायर लागेल, एखादे उपकरण किती वीज खाईल, असा कोणताही हिशेब करायला बसलो की व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम, हे सूत्र लागतेच. ते ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या गेओर्ग झिमोन ओहम यांनी मात्र आयुष्यात कधी व्होल्ट किंवा अँपिअर मोजले नाहीत. ही एकके त्यांच्या काळात नव्हतीच. शिवाय या विषयावर त्यांनी छापलेले पहिले सूत्र चुकीचे होते.

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी आजच्या जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलपे बनवणारे कारागीर. शाळा फारशी न झालेल्या या माणसाने स्वतः गणित व विज्ञान शिकून घेतले आणि आपल्या दोन्ही मुलांना शिकवले. धाकटा मार्टिन पुढे गणितज्ञ झाला. गेओर्ग दहा वर्षांचे असताना आई वारली. १८०५ मध्ये ते विद्यापीठात गेले खरे, पण अभ्यासापेक्षा नाच, बिलियर्ड आणि बर्फावरच्या घसरगुंडीच्या खेळात जास्त रमले. वडील संतापले. तीन सत्रांनंतर शिक्षण थांबले आणि १८०६ मध्ये मुलगा स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणित शिकवायला रवाना झाला. डॉक्टरेट मिळाली ती १८११ मध्ये, परत आल्यावर. मग पुन्हा शाळामास्तरकी: आधी बाम्बर्ग, नंतर १८१७ पासून कोलोन.

कोलोनच्या शाळेत पदार्थविज्ञानाची चांगली प्रयोगशाळा होती. शिवाय वडिलांच्या दुकानात धातुकाम पाहत वाढल्यामुळे ओहम आपली उपकरणे स्वतः बनवू शकत. त्यांचा प्रश्न साधा होता. तार जसजशी लांब करावी, तसतशी तिच्यातून वाहणारी वीज नेमकी कशी घटते?

१८२५ च्या निबंधात त्यांनी याचे उत्तर म्हणून लॉगॅरिदमचे एक सूत्र दिले. ते टिकले नाही. दोष होता वीज पुरवणाऱ्या घटात. त्या काळचे घट वीज ओढू लागताच उतरत जात. उगमच डळमळीत असेल, तर धारा तारेमुळे कमी झाली की घटामुळे, हे कसे ओळखणार? तेव्हा संपादक पोगेनडॉर्फ यांनी तापविद्युत युग्म वापरण्याचे सुचवले. बिस्मथ आणि तांबे हे दोन धातू दोन ठिकाणी जोडायचे, एक जोड उकळत्या पाण्यात आणि दुसरा वितळत्या बर्फात ठेवायचा. तापमानांतला फरक कायम, म्हणून विजेचा जोरही कायम. मला विचाराल तर ओहम यांचे खरे यश सूत्रात नाही, या बदलात आहे.

१८२६ च्या जानेवारीत त्यांनी तांब्याच्या आठ तारा घेतल्या. सर्वांत आखूड २ इंच, सर्वांत लांब १३० इंच. वाहकावर टांगलेली चुंबकसूची धारा वाहताच वळे. तिला मूळ जागी आणण्यासाठी टांगणीला किती पीळ द्यावा लागतो, ते वाचायचे. हेच त्यांचे अँपिअरमीटर. तारेची लांबी ६५ पट झाली, तरी धारा ६५ पट घटली नाही, सातव्या हिश्श्याच्या आसपास आली. कारण तारेखेरीज उरलेल्या मंडलालाही रोध असतो. तो तारेच्या लांबीत मिळवला आणि बेरजेने एका ठरावीक संख्येला भागले, की सगळे आकडे जुळत. तापमानांतला फरक बदलला, की ती वरची संख्या बदले, खालचा रोध मात्र तोच राही. आज आपण म्हणतो ते हेच: विभवांतर भागिले रोध बरोबर धारा.

घरातला दाखला घेऊ. २३० व्होल्टवर गिझर ८.७ अँपिअर धारा घेतो. २३० भागिले ८.७ म्हणजे त्याचा रोध सुमारे २६.४ ओहम. २३० गुणिले ८.७ म्हणजे शक्ती सुमारे २००० वॉट. आता व्होल्टेज उतरून १८० झाले. रोध जवळपास तोच, म्हणून धारा ६.८ अँपिअर होते आणि शक्ती सुमारे १२३० वॉट. व्होल्टेज पाचव्या हिश्श्याहून थोडेच जास्त घटले, पण शक्ती जवळजवळ चाळीस टक्के गेली, कारण व्होल्टेजबरोबर धाराही घटली. पाणी तापायला इतका वेळ का लागतो, ते यातून कळते. शक्तीचा हा भाग ओहम यांचा नव्हे. तारेत धारेच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता निर्माण होते, हे १८४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जेम्स जूल यांनी दाखवले.

ओहम यांनी अर्धपगारी रजा काढली, बर्लिनला भावाकडे राहिले आणि १८२७ मध्ये गॅल्व्हानिक मंडलाच्या गणितावरचे पुस्तक छापले. या पुस्तकाच्या जोरावर विद्यापीठात जागा मिळेल, अशी आशा होती. मिळाली ती टीका. निसर्गाचे नियम तत्त्वचिंतनातून उमगतात असे मानणारी मंडळी बर्लिनमध्ये वजनदार होती, आणि ज्यांना प्रयोग रुचत त्यांना पुस्तकातले गणित जड गेले. १८२८ मध्ये ओहम यांनी कोलोनची नोकरी सोडली. पुढची पाच वर्षे बर्लिनमध्ये गणिताच्या थोड्याशा तासिकांवर निघाली. १८३३ मध्ये न्यूर्नबर्गच्या तंत्रशाळेत प्राध्यापकपद मिळाले, तेव्हा ते ४४ वर्षांचे होते.

मान मिळाला तो परदेशातून. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले. म्युनिक विद्यापीठातले प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे अध्यासन १८५२ मध्ये मिळाले, आणि ६ जुलै १८५४ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांनी लग्न केले नव्हते.

१८७९ मध्ये मॅक्सवेल यांनी हेन्री कॅव्हेंडिश यांची जुनी टिपणे प्रसिद्ध केली. त्यांत हाच नियम ओहम यांच्या कितीतरी आधी सापडलेला दिसतो. मोजायचे साधन नसल्याने कॅव्हेंडिश विजेचा झटका स्वतःच्या अंगावर घेऊन त्याची तीव्रता पारखत. त्यांनी ते छापलेच नव्हते. दोन वर्षांनी, १८८१ मध्ये, पॅरिसच्या विद्युत परिषदेने व्होल्ट व अँपिअरबरोबर रोधाच्या एककाला ओहम हे नाव मान्य केले.