दाभोळहून घरी निघालेला रशियन व्यापारी घरी पोहोचलाच नाही, पोहोचली ती फक्त त्याची वही

दाभोळ म्हटलं की बहुतेकांना एन्रॉनचा वीज प्रकल्प आठवतो. पण साडेपाचशे वर्षांपूर्वी दाभोळची ओळख वेगळी होती. वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते तिथलं हे बंदर तेव्हा बहमनी सुलतानांच्या ताब्यात होतं. पलीकडच्या किनाऱ्यांवरून इथे घोडे उतरायचे आणि इथला माल जहाजात भरून बाहेर जायचा.

याच बंदरात एका गोऱ्या परदेशी माणसानं होर्मुझला जाणाऱ्या जहाजात जागा मिळवली. भाडं ठरलं दोन सोन्याची नाणी. इथल्या लोकांत तो ख्वाजा युसूफ खुरासानी या नावानं वावरत होता. त्याचं खरं नाव होतं अफनासी निकितिन. तो रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी होता आणि कित्येक वर्षांनी एकटाच घरी निघाला होता.

वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मध्ये. निकितिन त्याच्या आधी जवळपास पाव शतक महाराष्ट्रात फिरून गेला. जुन्या कालगणनेनुसार तो १४६९ ते १४७२ या काळात भारतात होता. नव्या संशोधनानुसार हा काळ १४७१ ते १४७४ असा धरला जातो.

पण मुळात रशियातला माणूस कोकणात पोहोचलाच कसा?

परतीचा रस्ता बंद झाला आणि तो पुढे निघाला

त्याचं झालं असं की निकितिनला भारतात यायचंच नव्हतं. तो व्होल्गा नदीतून माल घेऊन निघाला होता तो कॅस्पियन समुद्राकाठच्या शिरवान राज्यात, म्हणजे आजच्या अझरबैजानच्या भागात, व्यापार करायला. सोबत इतर रशियन व्यापारी होते आणि शिरवानच्या राजाचा वकीलही होता.

आस्त्राखानजवळ तातारांनी त्यांना गाठलं आणि लुटलं. पुढे कॅस्पियन समुद्रात वादळ झालं, एक जहाज किनाऱ्यावर आपटलं आणि त्यावरची माणसं कैद झाली. उरलेले लोक कसेबसे शिरवानच्या राजाकडे गेले आणि घरी परतण्यापुरती मदत मागू लागले. राजानं सांगितलं की तुम्ही फार जण आहात, जमणार नाही.

मग हा जथा फुटला. ज्यांचं गावी काही होतं ते परतले. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होतं ते वाट फुटेल तिकडे गेले. निकितिन परतला नाही. त्याकाळी व्यापारी उसना माल घेऊन निघायचे आणि विकून पैसे फेडायचे. माल लुटला गेला तरी देणं काही माफ व्हायचं नाही. बऱ्याच अभ्यासकांच्या मते निकितिनही अशाच देणेकऱ्यांपैकी होता आणि रिकाम्या हातानं त्वेरला जाणं त्याला शक्य नव्हतं.

तो बाकू, मग इराण असं करत होर्मुझला पोहोचला. तिथे त्याला कळलं की हिंदुस्थानात चांगले घोडे निपजत नाहीत, त्यामुळे तिथे घोड्याला मोठी किंमत येते. त्यानं एक घोडा घेतला. त्या घोड्यापायी त्याचे शंभर रूबल खर्च झाले. घोड्यासकट तो जहाजात चढला आणि मस्कत, दीव, खंबायत करत चौलला उतरला.

जुन्नरचा पावसाळा आणि चार दिवसांची मुदत

चौलहून पाली आणि तिथून उमरीमार्गे तो जुन्नरला पोहोचला. वाटेत त्यानं जे पाहिलं ते वहीत टिपून ठेवलं. इथली माणसं अंगावर कमी कपडे घालतात, केसांची एक वेणी घालतात आणि गोरा माणूस दिसला की मागे मागे येतात. पावसाळ्यात चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल असतो आणि त्याच दिवसांत लोक नांगरतात, पेरतात. घोड्यांना वाटाणे घालतात आणि साखर-तूप घालून खिचडी शिजवून देतात, हेसुद्धा त्यानं लिहून ठेवलं.

जुन्नरचा अंमलदार होता असद खान. हा परदेशी माणूस मुसलमान नाही हे कळताच त्यानं घोडा काढून घेतला. इस्लाम स्वीकारला तर घोडा परत आणि वर एक हजार सोन्याची नाणी. नाही स्वीकारला तर घोडा जाणारच, शिवाय एक हजार नाणी दंड. विचार करायला मुदत मिळाली चार दिवसांची.

निकितिनकडे दंड भरायला पैसे नव्हते आणि घोडा हीच त्याची सगळी पुंजी होती. तेवढ्यात ख्वाजा मुहम्मद नावाचा खुरासानचा एक माणूस तिथे आला. निकितिननं त्याचे पाय धरले. या माणसानं असद खानाकडे शब्द टाकला, घोडा सुटला आणि धर्मही वाचला. एका अनोळखी मुसलमानानं केलेली ही मदत निकितिननं नावानिशी नोंदवून ठेवली.

पुढे तो बहमनी राजधानी बीदरला गेला. तिथे सुलतान तिसरा मुहम्मदशहा होता, पण खरा कारभार बघायचा वजीर महमूद गवान. सरदारांचा थाट आणि गावकऱ्यांचं दारिद्र्य, दोन्ही निकितिनच्या नजरेतून सुटलं नाही. घोडा शेवटी बीदरमध्ये विकला गेला, पण तोवर त्याला वर्षभर पोसावं लागलं होतं. ज्या मालाच्या आशेनं तो आला होता तो माल रशियाच्या उपयोगाचा नव्हता. मिरी आणि रंग स्वस्त होते, पण जकात जबर होती आणि समुद्रात चाचे फिरत होते.

पैशांपेक्षा मोठी चिंता

व्यापार फसला हे दुःख होतंच. पण त्याला आतून पोखरत होती दुसरीच गोष्ट. लुटीत त्याची धर्मग्रंथांची पुस्तकंही गेली होती. सणवार कधी येतात हे त्या पुस्तकांतूनच कळायचं. आता ईस्टर कधी, उपवास कधी, काहीच ठरवता येईना. आकाशातल्या कृत्तिका आणि मृग नक्षत्रांकडे बघून तो दिवसांचा अंदाज बांधायचा. कधी मुसलमानांच्या रोज्यांसोबत आपले उपवास करायचा.

हिंदूंशी त्याची ओळख वाढली तेव्हा त्यानं आपलं खरं नाव आणि धर्म त्यांना सांगून टाकला. त्यानंतर ते त्याच्यापासून काही लपवेनासे झाले. त्यांच्याबरोबर तो शिवरात्रीला श्रीशैलच्या यात्रेलाही जाऊन आला.

पण जितके दिवस जात होते तितका आपला धर्म आपल्या हातून सुटतोय असं त्याला वाटत होतं. वहीत मधूनच तो रशियन सोडून तुर्की, फारसी, अरबी शब्दांत लिहू लागतो. अशाच एका जागी त्यानं रशियन भूमीसाठी प्रार्थना केली आहे. तिथले सरदार न्यायानं वागत नाहीत, तरी त्या भूमीसारखी भूमी नाही, असा तिचा आशय.

परदेशातला पाचवा ईस्टर आला तेव्हा त्यानं परतायचं पक्कं केलं. बीदर सोडलं, गुलबर्गा आणि आसपासच्या भागात आणखी काही महिने गेले आणि शेवटी तो दाभोळला पोहोचला.

दोन महिने समुद्र आणि समोर भलताच किनारा

निकितिन जहाजात चढला तेव्हा ईस्टरला तीन महिने बाकी होते. म्हणजे हिवाळ्याचे दिवस. या दिवसांत ईशान्येकडून वारे वाहतात आणि शिडाची जहाजं कोकणातून अरबस्तानाकडे निघतात. वेळ बरोबर होती. पण जहाज भरकटलं.

पहिला महिनाभर पाण्याशिवाय काही दिसलं नाही. दुसऱ्या महिन्यात डोंगर दिसले, पण ते होते आफ्रिकेचे, इथिओपियाच्या बाजूचे. जहाजावरच्या लोकांनी आता आपण मेलोच म्हणून देवाचा धावा सुरू केला. तिथे पाच दिवस काढावे लागले. किनाऱ्यावरच्या लोकांना तांदूळ, मिरी आणि भाकरी देऊन जहाज लुटण्यापासून वाचवलं.

तिथून बारा दिवसांनी मस्कत आलं. सहावा ईस्टर त्यानं तिथे पाळला. मग नऊ दिवसांत होर्मुझ. काही वर्षांपूर्वी घोडा घेऊन तो याच होर्मुझहून निघाला होता. आता परत आला तो घोड्याशिवाय आणि विकण्याजोगा मोठा माल नसताना.

शेवटचा समुद्र

होर्मुझहून शिराझ, यझद, इस्फहान, कोम करत तो तब्रीझकडे गेला. इराणचा बराचसा भाग तेव्हा उझून हसन या राजाच्या हातात होता आणि त्याचं ऑटोमन तुर्कांशी वैर पेटलं होतं. पुढचा रस्ता बंद असल्यानं निकितिनला उझून हसनच्या छावणीत दहा दिवस थांबावं लागलं.

हे दहा दिवस त्याला पुढे महागात पडले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो काळ्या समुद्रावरच्या ट्रेबिझॉंड बंदरात पोहोचला. हे बंदर तुर्कांच्या ताब्यात होतं. शत्रूच्या छावणीतून आलेला माणूस म्हणजे हेर असणार या संशयावरून तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याचं सामान किल्ल्यावर नेलं आणि पत्रं सापडतात का ते पाहिलं. पत्रं नव्हतीच. पण जे काही बारीकसारीक चांगलं सामान उरलं होतं, ते तिथे गेलं.

पलीकडच्या क्रिमियात कफ्फा नावाचं जिनोआच्या व्यापाऱ्यांचं शहर होतं, आजचं फिओदोसिया. तिथवरचं भाडं त्यानं एक सोन्याचं नाणं ठरवलं. खाण्यापिण्यासाठी आणखी एक नाणं उसनं घेतलं, कफ्फाला पोहोचल्यावर फेडण्याच्या बोलीवर. उलट्या वाऱ्यानं जहाज मागे फेकलं, पंधरा दिवस ते एकाच ठिकाणी अडकून पडलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अखेर तो कफ्फाला उतरला.

कॅस्पियन, हिंदी महासागर आणि काळा समुद्र असे तीन समुद्र पार झाले होते. आता पुढचा प्रवास जमिनीवरूनच होता. कफ्फाला रशियन व्यापाऱ्यांची ये-जा होती, म्हणजे आपली भाषा बोलणारी माणसं आता भेटणार होती.

वही इथेच संपते. शेवटी एक प्रार्थना आहे आणि ती रशियन नसून अरबी-फारसी शब्दांत आहे. त्यावरून तो मनानं मुसलमान झाला होता का, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. काहींना तसं वाटतं. काहींच्या मते तो ख्रिस्तीच राहिला, फक्त इतक्या वर्षांच्या सवयीनं देवाशीही तो त्याच भाषेत बोलू लागला होता.

वही मॉस्कोला पोहोचली

कफ्फाहून उत्तरेकडे जाताना स्मोलेन्स्क गाठण्याआधीच निकितिनचा मृत्यू झाला. स्मोलेन्स्क तेव्हा लिथुआनियाच्या राज्यात होतं. म्हणजे रशियन राज्यांची हद्दही त्याला ओलांडता आली नाही. त्याच्या हातच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेल्या आणि तिसऱ्या इव्हानच्या दरबारातला कारकून वासिली मामिरेव याच्याकडे दिल्या. १४७५ च्या नोंदीत हा मजकूर रशियन बखरीत उतरवला गेला.

पुढे तो जवळपास विस्मृतीत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार निकोलाय करामझिन याला एका मठाच्या संग्रहात त्याची प्रत सापडली. आज 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' या नावानं हे लिखाण जगभर ओळखलं जातं.

१९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियन निर्मात्यांसोबत यावर 'परदेसी' हा सिनेमा काढला. त्यात नर्गिस आणि बलराज साहनी होते, तर निकितिन झाला होता रशियन नट ओलेग स्त्रिझेनोव. त्वेरमध्ये व्होल्गाकाठी १९५५ पासून निकितिनचा पुतळा उभा आहे आणि इकडे चौलशेजारच्या रेवदंड्यातही त्याचं स्मारक आहे.

व्यापारी म्हणून निकितिन पूर्ण फसला. तरीही पंधराव्या शतकातला जुन्नरचा पाऊस, बीदरचा बाजार आणि घोड्यांसाठी शिजणारी खिचडी आज वाचायला मिळते ती त्याच्यामुळे. ट्रेबिझॉंडच्या अधिकाऱ्यांनी सामान उलथंपालथं करून पाहिलं होतं, पण त्या वह्या त्याच्याकडेच राहिल्या. घरी पोहोचलं ते तेवढंच.