हजेरीच्या वहीतले अण्णाभाऊ

१ ऑगस्ट आला की आमच्या वाशी तालुक्यात गावोगाव अण्णाभाऊ साठे यांची जयंती होते. प्रतिमेला हार पडतो, डीजे लागतो, पुढारी येतात आणि अण्णाभाऊ फक्त दीड दिवस शाळेत गेले एवढे सांगून पुढच्या गावाला निघून जातात. ज्या समाजात अण्णाभाऊ जन्मले त्या समाजाला इंग्रजांच्या कायद्याने गुन्हेगार ठरविले होते, हे कुणी सांगत नाही. आम्ही काळा कोट घालणारी माणसे असल्यामुळे त्यांच्या चरित्रात आम्हाला पहिल्यांदा दिसते ती हजेरी.

वाटेगावच्या मांगवाड्यात १९२० साली भाऊराव आणि वालुबाई यांच्या पोटी हे मूल जन्मले. नाव तुकाराम. वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ साली त्याचा विस्तार सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात केला. सरकारने एखाद्या जमातीचे नाव जाहीर केले की त्या जमातीची माणसे दप्तरात चढायची. त्यांनी पोलीस पाटलापुढे किंवा चौकीवर हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही, सोडले तर शिक्षा. नाव जाहीर करणे योग्य होते की अयोग्य, हे तपासण्याचा अधिकार या कायद्याने न्यायालयाकडे ठेवलाच नव्हता. म्हणजे गुन्हा नाही, पुरावा नाही, अपील नाही. मूल पाळण्यात असतानाच आरोपी!

१९२४ च्या कायद्यातील शिक्षेचे कलम वकील मित्रांनी एकदा मुद्दाम वाचावे. गुन्हेगार ठरविलेल्या जमातीचा माणूस ठराविक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान सात वर्षे आणि तिसऱ्यांदा ठरला तर काळे पाणी. न्यायाधीशाला कमी शिक्षा द्यायची असेल तर त्याने खास कारणे लिहून ठेवायची. तोच गुन्हा गावच्या सावकाराच्या पोराने केला तर त्याला हे कलम लागत नव्हते. जात पाहून शिक्षा मोजण्याची ही रीत मनूची. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृतीचे दहन केले, तेव्हा तोच मनू इंग्रजांच्या कायद्याच्या पुस्तकात टोपी घालून बसला होता.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९४ साली असाच कायदा केला. तिसऱ्या गुन्ह्याला किमान पंचवीस वर्षे ते जन्मठेप. दुकानातून काही व्हिडिओ कॅसेट चोरणाऱ्या एका माणसाला त्याखाली पन्नास वर्षे ते जन्मठेप झाली आणि २००३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २०१२ साली मतदारांनी तो कायदा सौम्य केला, पण तोवर कितीतरी काळी आणि गरीब माणसे तुरुंगात सडली. गुलामगिरी नष्ट केल्याबद्दल जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला ग्रंथ अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला होता. त्याच देशाच्या घटनादुरुस्तीत शिक्षा झालेल्या कैद्याकडून सक्तीचे श्रम घेण्याची वाट मात्र मोकळी राहिली होती. शिक्षेच्या नावाखाली गुलामी मागच्या दाराने आत येते, ती अशी.

पुन्हा अण्णाभाऊंकडे वळू. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी ते आईवडिलांबरोबर पायी मुंबईला निघाले. दगडी कोळसा वेचला, फेरीवाल्याचे गाठोडे वाहिले, गिरणीत खपले. अक्षरे त्यांनी दुकानांच्या पाट्या वाचत शिकून घेतली. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभे केले. पुढे सरकारने त्यावर बंदी घातली. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले.

पण आमच्या मते त्यांची सर्वात मोठी साक्ष 'फकिरा' ही आहे. ही कादंबरी १९५९ साली आली आणि ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. दुष्काळात माणसे भुकेने मरतात तेव्हा फकिरा धान्य लुटून वाटतो, सरकारी खजिन्यावर हात टाकतो. मग सरकार फकिराला पकडण्याऐवजी त्याच्या माणसांना धरून ठेवते. शेवटी त्यांच्यासाठी तो स्वतःहून हजर होतो. एकासाठी सगळ्या जमातीला धरायचे, हेच त्या कायद्याचे मर्म होते आणि अण्णाभाऊंनी ते कुठल्याही वकिलाआधी कथेत मांडले. 'स्मशानातील सोने' मधला भीमा तर खाण बंद पडली म्हणून प्रेताच्या तोंडातले सोने शोधतो आणि हाताची बोटे गमावतो. बोटे गेल्यावर खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. भुकेल्या माणसाला एवढी शिक्षा कोणत्या न्यायाधीशाने सुनावली?

हा कायदा मुंबई राज्यात १९४९ साली आणि देशात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. संपला म्हणायचे, इतकेच. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. महाराष्ट्रात तो १९५९ चा. २००३ साली नाशिक जिल्ह्यात दरोडा आणि खून झाला. त्यात भटक्या समाजाच्या सहा जणांना फाशी सुनावली गेली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, तर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी कायम केली. घटनेच्या वेळी त्यातला एक अल्पवयीन होता, हे नंतर सिद्ध झाले. आणि २०१९ साली त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला लावले. सोळा वर्षांचे पाच लाख! हिशेब ज्याने त्याने करावा.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील कैद्यांना जात पाहून कामे देणारे नियम घटनाबाह्य ठरविले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षे झाल्यावर! देशाच्या तुरुंगात २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार चारातले तीन कैदी अजून दोषी ठरलेले नव्हते. आमच्या भागात चोरी झाली की गाडी पहिल्यांदा पारध्याच्या पालावर जाते. जामीन मंजूर होतो, पण जामीनदाराकडे सातबारा नसतो, म्हणून माणूस आतच राहतो. त्याचे मूल पाटी घेऊन कोर्टाच्या आवारात बसलेले असते.

एक कडू गोष्ट आमच्याच घरातली. आमच्या बौद्ध समाजातील काही बांधव अण्णाभाऊंना मातंगांचे म्हणून बाजूला ठेवतात, काही जण लाल बावट्यावाले म्हणून. कार्यकर्ते एका गावात दोन जयंत्यांच्या दोन वर्गण्या करतात आणि एकमेकांच्या मांडवात जात नाहीत. अण्णाभाऊंनी मात्र भीमरावांचे नाव घेऊन लिहिलेले गाणे दोन्ही मांडवांत वाजते.

१८ जुलै १९६९ रोजी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात ते गेले. वय अठ्ठेचाळीस. २००२ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. तालुक्यातील मंडळांना आमची सूचना आहे, की येत्या १ ऑगस्टला डीजेच्या खर्चातून थोडे पैसे काढून 'फकिरा'तील हजेरीचे प्रसंग मोठ्याने वाचावेत. श्रोत्यांत पारध्याच्या पालावरचे चार जण बोलवावेत आणि जामिनासाठी काय कागद लागतात ते त्यांना त्याच मांडवात समजावून सांगावे. ते काम आम्ही करू.