आर्थर फिडलर : आगीचा अलार्म झाला की गाडी काढणारे जगप्रसिद्ध संगीतकार

मागच्या आठवड्यात रात्री यूट्यूब बघता बघता मी एका वेगळ्याच दुनियेत पोहोचलो. लोक जुने फायर अलार्म विकत घेतात, घराच्या भिंतीवर लावतात, वायरिंग करतात आणि वाजवून दाखवतात. आधी हसू आलं. मग कळलं की हा चांगला जुना छंद आहे आणि एका खूप मोठ्या माणसालाही याच जातीचं वेड होतं. आज त्यांचीच गोष्ट.

या छंदाचे प्रकार किती?

मला दिसलेले मुख्य प्रकार असे :

१) जमवणारे : जुने बेल, हॉर्न, रस्त्यावरचे लाल अलार्म बॉक्स गोळा करतात.
२) सिस्टीम बांधणारे : पॅनल, डिटेक्टर, हॉर्न जोडून घरातच पूर्ण यंत्रणा उभी करतात.
३) हेल्मेट-बॅजवाले : अग्निशमन दलाच्या वस्तू जपतात.
४) आगीमागे जाणारे : मोठी आग लागली की जवानांचं काम बघायला पोहोचतात. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात यांना स्पार्क म्हणतात, म्हणजे ठिणगी.

आर्थर फिडलर हे चौथ्या प्रकारातले पक्के, आणि थोडे तिसऱ्यातलेही.

फिडलर कोण होते?

जन्म १७ डिसेंबर १८९४, बोस्टन. वडील तिथल्या सिंफनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे. आर्थर शिकले बर्लिनमध्ये. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर ते बोस्टनला परतले आणि १९१५ मध्ये वडिलांच्याच ऑर्केस्ट्रात लागले.

पण त्यांच्या डोक्यात वेगळंच होतं. चांगलं संगीत फक्त महागडं तिकीट काढणाऱ्यांनीच का ऐकायचं? म्हणून १९२९ मध्ये त्यांनी चार्ल्स नदीच्या काठावर मोकळ्या मैदानात फुकट कार्यक्रम सुरू केले. पुढच्याच वर्षी ते बोस्टन पॉप्स ऑर्केस्ट्राचे कंडक्टर झाले आणि जवळपास ५० वर्षं त्या जागेवर राहिले. शास्त्रीय संगीताबरोबर त्यांनी बीटल्सचं गाणंसुद्धा ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलं. काही जाणकारांनी नाकं मुरडली, पण लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं.

अलार्म बॉक्स चालायचा कसा?

असा माणूस बोस्टनमध्ये वाढला, यात एक गंमत आहे. रस्त्यावरच्या बॉक्समधून तारेने आगीची खबर देणारी जगातली पहिली शहरभर पसरलेली यंत्रणा १८५२ मध्ये याच शहरात सुरू झाली. विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर या दोघांनी ती उभी केली. ग्रॅहम बेल यांच्या टेलिफोनला अजून २४ वर्षं होती!

आत काय व्हायचं बघा. बॉक्सचं हँडल ओढलं की आतलं दातेरी चाक फिरायचं. प्रत्येक दात तारेतला वीजप्रवाह तोडायचा-जोडायचा. समजा बॉक्सचा नंबर २३४ आहे, तर दोन ठोके, थोडं थांबून तीन, मग चार. मुख्य कार्यालयात ते ठोके मोजायचे आणि तिथून फायर स्टेशनांना खबर जायची. म्हणजे बोलायची गरजच नाही, ठोके मोजले की जागा कळली. आपण आज व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवतो, तेच काम एक चाक करायचं. बोस्टनने हे रस्त्यावरचे बॉक्स आजही ठेवले आहेत.

फिडलर मात्र नुसती खबर ऐकून थांबणारे नव्हते. दिवस असो वा रात्र, मोठी आग लागली की ते स्वतःची गाडी घेऊन निघायचे. बोस्टनच्या अग्निशमन दलाने त्यांना मानद कॅप्टन केलं. इतर शहरांच्या दलांनीही त्यांना हेल्मेट आणि बॅज दिले.

ती एक रात्र

२८ नोव्हेंबर १९४२, शनिवार. बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबमध्ये आग लागली. बंब जवळच होते, कारण शेजारच्या रस्त्यावर एका गाडीची आग विझवायला ते आधीच आले होते. तरीही ४९२ माणसं गेली. का? मुख्य दार गोल फिरणारं होतं, ते गर्दीच्या धक्क्याने अडकलं. बाकीची काही दारं कुलूपबंद होती, काही आतल्या बाजूला उघडणारी.

फिडलर यांच्या चरित्रात नोंद आहे की त्या रात्री त्यांनी बचावकार्यात हात लावला. मला त्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. आग बघायला जाणं हा छंद वाईट की चांगला, यावर वाद घालता येईल. पण समोर माणसं मरत असताना आपण प्रेक्षक राहतो की हात लावतो, इथे खरी परीक्षा होते.

या घटनेनंतर अमेरिकेत नियम कडक झाले. फिरत्या दाराच्या बाजूला साधी दारं हवीत, दारं बाहेर उघडणारी हवीत. अलार्म फक्त खबर देतो, वाचवतं ते उघडं दार.

शेवटपर्यंत तेच वेड

१९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली, तेव्हा नदीकाठच्या त्यांच्या कार्यक्रमाला सुमारे ४ लाख लोक जमले होते. १९७९ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांनी चक्क डिस्को गाण्यांचा अल्बम काढला! त्याच वर्षी १० जुलैला ते गेले. नदीकाठी आज त्यांच्या चेहऱ्याचं मोठं ॲल्युमिनियमचं शिल्प उभं आहे.

आणि आपण?

खरं सांगतो, दोन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत अलार्म वाजला तेव्हा मी पहिल्यांदा मोबाइल काढला आणि जिन्यात उभा राहून व्हिडिओ घेत बसलो. मागून एक आजी उतरत होत्या, त्यांना वाट नव्हती. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी सायकली आणि चपलांचा रॅक. अलार्म खोटा निघाला म्हणून बरं. पण फिडलर यांची गोष्ट वाचताना मला त्या आजीच आठवल्या.

तेव्हा अलार्म वाजला की आधी बाहेर पडा, १०१ लावा, बंबाला रस्ता मोकळा ठेवा. व्हिडिओ नंतर. आणि आज घरी गेल्यावर एकदा जिना बघा, मोकळा आहे ना?

तुमच्या इमारतीत अलार्म चालू आहे का? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या लेखात!