अमेलिया आणि मागे राहिलेली तार

२ जुलै १९३७ च्या सकाळी प्रशांत महासागरात हाउलंड नावाच्या एका चिमुकल्या बेटाजवळ अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे इटास्का हे जहाज उभे होते. आकाशातून येणाऱ्या एका विमानाला वाट दाखवण्यासाठी त्याने धुराचा लोट सोडला होता. त्याच्या रेडिओ कक्षात वैमानिक स्त्रीचा आवाज इतका स्वच्छ येत होता की विमान डोक्यावरच असावे असे तिथल्या माणसांना वाटले. पण त्यांचे बोलणे तिला पोचत नव्हते आणि तिचा आवाज नेमका कोणत्या दिशेने येतो आहे हे त्यांना सांगता येत नव्हते. ८ वाजून ४३ मिनिटांनी तो आवाज शेवटचा ऐकू आला. ती स्त्री म्हणजे अमेलिया इअरहार्ट.

जगभर तिचे नाव आज घेतले जाते ते साहसासाठी आणि तिच्या नाहीसे होण्यातल्या गूढासाठी. त्या गूढावर पुस्तके निघाली, चित्रपट निघाले. पण तिच्या आयुष्याचा शेवट ज्या साध्या वस्तूंपाशी येऊन अडखळला त्या वस्तूंकडे, म्हणजे एरियलच्या तारांकडे, फारसे कोणी पाहत नाही.

अमेलियाचा जन्म २४ जुलै १८९७ रोजी कॅन्सास राज्यातल्या अ‍ॅचिसन या गावी झाला. आजोळ सधन, आजोबा न्यायाधीश. वडील एडविन वकील होते, पण दारूच्या व्यसनापायी त्यांची नोकरी गेली आणि संसार गावोगाव फिरत राहिला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात टोरांटोच्या लष्करी रुग्णालयात तिने जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. पुढे वैद्यकीचा अभ्यास सुरू केला आणि सोडलाही. डिसेंबर १९२० मध्ये कॅलिफोर्नियात वडिलांनी पैसे भरून तिला विमानात बसवले. फ्रँक हॉक्स या वैमानिकाने दहा-एक मिनिटे फिरवून आणले आणि तेवढ्यात या मुलीचे पुढचे आयुष्य ठरून गेले.

जानेवारी १९२१ मध्ये नेटा स्नूक या शिक्षिकेकडे तिचे शिक्षण सुरू झाले. त्याच वर्षी बर्ट किनर यांनी बांधलेले एअरस्टर जातीचे छोटे विमान तिने विकत घेतले. पिवळ्या रंगामुळे त्याचे नाव पडले कॅनरी. ज्याने विमान बांधले तोच धावपट्टीशेजारी हातात पाना घेऊन उभा, असा तो जमाना होता. याच विमानातून ऑक्टोबर १९२२ मध्ये तिने १४,००० फुटांची उंची गाठली. त्या विमानात रेडिओ नव्हता, आणि तो नाही याची खंतही कोणाला नव्हती. डोळे, होकायंत्र आणि खालून जाणारा रेल्वेचा रूळ एवढ्यावर भागत असे. अमेलियाची वैमानिक म्हणून घडण या वातावरणात झाली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पैशांची तंगी आल्यावर विमान विकावे लागले. बोस्टनच्या डेनिसन हाउसमध्ये ती स्थलांतरितांच्या मुलांसाठी काम करू लागली. तिथेच तिला १९२८ साली अटलांटिक ओलांडण्याचे बोलावणे आले. जूनमध्ये फ्रेंडशिप या विमानातून ती न्यूफाउंडलंडहून वेल्सला पोचली. विमान चालवले विल्मर स्टुल्ट्झ यांनी. सोबत लुई गॉर्डन होते. अमेलिया केवळ प्रवासी होती. पण मिरवणूक निघाली ती तिची. ही फुकटची कीर्ती तिला बोचत राहिली.

त्या कीर्तीची परतफेड तिने चार वर्षांनी केली. २० मे १९३२ रोजी लॉकहीड व्हेगा विमानातून ती एकटी निघाली. वाटेत उंचीमापक बिघडला, पंखांवर बर्फ साचले, इंजिनाच्या धूरनळीला तडा जाऊन ज्वाळा दिसू लागल्या. तरीही सुमारे पंधरा तासांनी ती उत्तर आयर्लंडमधल्या एका कुरणात उतरली. एकटीने अटलांटिक ओलांडणारी ती पहिली स्त्री. जानेवारी १९३५ मध्ये तिने होनोलुलूहून कॅलिफोर्नियापर्यंतचे उड्डाणही एकटीने केले. स्त्री-वैमानिकांच्या नाइंटी-नाइन्स या संघटनेची ती पहिली अध्यक्ष होती. पर्ड्यू विद्यापीठात ती मुलींना मार्गदर्शन करी, आणि त्याच विद्यापीठाच्या मदतीने १९३६ मध्ये लॉकहीड इलेक्ट्रा हे दोन इंजिनांचे विमान तिच्या हाती आले.

आता विषुववृत्ताच्या आसपासच्या लांब वाटेने पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती. मार्च १९३७ मध्ये पहिल्या प्रयत्नात होनोलुलूला उड्डाणाच्या वेळी विमान कोसळून मोडले. दुरुस्तीत दोन महिने गेले आणि रेडिओचे उत्तम ज्ञान असलेले हॅरी मॅनिंग मोहिमेतून बाहेर पडले. उरले फ्रेड नूनन. ताऱ्यांवरून वाट काढण्यात निष्णात माणूस; पॅन अमेरिकन कंपनीचे प्रशांत महासागरावरचे मार्ग आखण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पण मोर्स लिपीचा सराव ना त्यांना होता ना अमेलियाला.

दुसरी गोष्ट घडली मायामीत. विमानातून हवेत सोडायची सुमारे २५० फुटांची एक तार रिळावर गुंडाळलेली असे. उतरण्यापूर्वी ती आठवणीने गुंडाळून घ्यावी लागे. हे झेंगट नको, वजनही वाचेल, अशा विचाराने ती तार मागे ठेवण्यात आली असे मानले जाते. त्या काळी जहाजांची दिशाशोधक यंत्रे मुख्यतः ५०० किलोसायकलच्या लहरींवर चालत. लहर जितकी लांब तितके एरियल लांब लागते. ५०० किलोसायकलची लहर ६०० मीटरची. मोठी तार गेली आणि जहाजाने ज्या लहरीवरून विमानाचा माग काढायचा, तिच्यावरून प्रभावीपणे बोलण्याची विमानाची सोयच गेली.

१ जूनला मायामीहून निघालेले विमान ब्राझील, आफ्रिका आणि तांबडा समुद्र ओलांडून १५ जूनला कराचीला उतरले. १७ तारखेला ते कलकत्त्याच्या दमदम विमानतळावर होते. पुढे अक्याबजवळ आपल्या ओळखीच्या मोसमी पावसाने त्यांना एकदा माघारी फिरवले. महिनाअखेरीस ते न्यू गिनीतल्या ले गावी पोचले. तिथे चाचणी घेताना दिशाशोधक यंत्राने दाद दिली नाही. केंद्र फार जवळ आहे म्हणून असे होत असावे, असा अर्थ अमेलियाने लावला आणि विषय तिथेच संपला.

ले ते हाउलंड हे अंतर सुमारे ४,१०० किलोमीटर. बेटाची लांबी जेमतेम दोन किलोमीटर, उंची काही मीटर. जहाजाने ७५०० किलोसायकलवर संकेत पाठवावेत, असे अमेलियाने कळवले होते. तिच्या विमानावरचे वळेदार एरियल फिरवून आवाज कुठे सर्वांत क्षीण होतो ते पाहायचे आणि त्यावरून दिशा ठरवायची, अशी ती पद्धत. पण इतक्या आखूड लहरीवर ते वळे दिशा दाखवू शकत नव्हते. ८ च्या सुमारास संकेत ऐकू आल्याचे तिने सांगितले. दिशा मात्र मिळाली नाही. बेटावर आखूड लहरींसाठी एक दिशाशोधक उसना आणून ठेवला होता, पण त्याची बॅटरी सकाळपर्यंत उतरून गेली होती. ले येथून उड्डाण करताना विमानाच्या पोटाखालचे एरियल जमिनीला घासून तुटले असावे, असाही काही अभ्यासकांचा तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाही.

शोधासाठी कोलोरॅडो ही युद्धनौका आली, लेक्सिंग्टन ही विमानवाहू नौका आली. सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटर समुद्र पालथा घालून १९ जुलैला शोध थांबला. जानेवारी १९३९ मध्ये न्यायालयाने अमेलियाला मृत ठरवले. पाण्याखाली विमान दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. २०२४ च्या आरंभी गाजलेली अशीच एक आकृती वर्ष संपण्याआधी खडक निघाली.

अमेलिया बेफिकीर होती, असे यावरून म्हणणे अन्यायाचे होईल. इंजिन आणि इंधन यांचा हिशेब तिने काटेकोर ठेवला होता. रेडिओला मात्र तिने कॅनरीच्या दिवसांतल्या नजरेने पाहिले. असला तर उत्तम, नसला तरी चालेल, अशी ती नजर. आणि ती तिच्या एकटीची नव्हती.

हरवलेल्या विमानाने स्वतःहून हाक मारावी, ही कल्पना कायद्यात यायला १९७० साल उजाडले. त्या वर्षीच्या अमेरिकन कायद्याने लहान विमानांत आणीबाणीचा संकेतप्रेषक बसवण्याचे बंधन आणले. १६ ऑक्टोबर १९७२ रोजी अमेरिकन काँग्रेसचे नेते हेल बॉग्ज यांचे छोटे विमान अलास्कात नाहीसे झाले. ३९ दिवस शोध चालला. एकही संकेत कोणाला ऐकू आला नाही. पुढे अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ, शीतयुद्ध चालू असतानाही, उपग्रहांच्या योजनेसाठी एकत्र आले. सप्टेंबर १९८२ मध्ये एका सोव्हिएत उपग्रहाने टिपलेल्या संकेतामुळे कॅनडात कोसळलेल्या विमानातली तीन माणसे वाचली. भारतही या योजनेत आहे. बंगळुरू आणि लखनौ येथे तिची केंद्रे आहेत. २००९ पासून हे उपग्रह १२१.५ मेगाहर्ट्झचा जुना संकेत ऐकत नाहीत, फक्त ४०६ मेगाहर्ट्झचा ऐकतात.

मात्र यंत्र कितीही शहाणे असले तरी त्याचा आवाज बाहेर पडतो तो एरियलमधूनच. घरी विमान बांधणाऱ्यांना हे फार जपावे लागते, आणि कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांच्यामुळे हा छंद मराठी माणसाला आता परका राहिलेला नाही. ४०६ मेगाहर्ट्झसाठी एरियलची उंची साधारण १८ सेंटिमीटर पुरते. ते उभे हवे आणि त्याच्या बुडाशी धातूचा पत्रा हवा. विमान कापडाचे किंवा फायबरग्लासचे असेल तर तांब्याच्या पट्ट्या चिकटवून तो पत्रा तयार करावा लागतो. कार्बन फायबरच्या आत एरियल दडवले तर लहरी आतच कोंडतात. प्रेषकाचा डबा शेपटीकडच्या मजबूत भागात, एरियल त्याच्या अगदी जवळ आणि मधली तार आखूड पण किंचित सैल ठेवायची असते. कारण आदळल्यावर विमान मध्येच मोडते. डबा शाबूत राहतो, बॅटरी चालू राहते आणि तुटलेली असते ती तार. मग आतल्या आत ओरडणाऱ्या यंत्राचा आवाज आकाशापर्यंत जात नाही. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे स्टीव्ह फॉसेट सप्टेंबर २००७ मध्ये छोट्या विमानातून निघाले आणि परतले नाहीत. त्यांच्या विमानाचाही संकेत आला नाही. अवशेष सापडायला एक वर्षाहून अधिक काळ लागला.

विमान बांधणाऱ्याच्या यादीत हे काम बहुधा शेवटी येते. रंग झालेला असतो, इंजिन गुरगुरत असते, पहिल्या उड्डाणाची तारीख ठरलेली असते आणि एक तार तेवढी बसवायची राहिलेली असते. मायामीतही निघायचीच घाई होती.